घाटाच्या मॉडेलला खडी कोणती घालावी: आधी चाळणी, मग लोहचुंबक, रंग शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या ८७ वा भाग) कर्जत-लोणावळा घाटाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट, दुहेरी मार्ग, सगळा मिळून साधारण १४ मीटर रूळ, खाली ५ मिमी कॉर्क. रूळ बसवून झाले, वायरिंग झालं. आता खडी कोणती घालायची? मॉडेलच्या खडीचं परदेशी पाकीट, बांधकामावरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), की समुद्राची वाळू? आणि फेव्हिकॉल किती पातळ करायचा?

समुद्राची वाळू यादीतून आत्ताच काढून टाका. उरलेल्या दोन्हींपैकी कशानेही काम होईल. पण हा घाट काळ्या पाषाणाचा आहे आणि बांधकामावरची क्रश सँड बहुधा त्याच पाषाणाची असते. त्यामुळे एचओसाठी ती चाळून, धुऊन, चुंबकाखालून काढून वापरावी असं माझं मत आहे. मात्र यातली एकही पायरी गाळायची असेल, तर सरळ पाकीट घ्या.

बहुतेक जण आधी रंग बघतात. मॉडेल खोटं वाटतं ते मात्र दाण्याच्या मापामुळे. रेल्वेच्या मापदंडानुसार ६५ मिमी चाळणीवर जास्तीत जास्त ५ टक्के खडी अडकलेली चालते, ४० मिमी चाळणीवर ४० ते ६० टक्के राहायला हवी आणि २० मिमी चाळणीवर किमान ९८ टक्के. हे आकडे ८७ ने भागले की एचओचं माप निघतं: सगळ्यात मोठा दाणा ०.७५ मिमी, मधला ०.४६ आणि सगळ्यात बारीक ०.२३. एन या आणखी लहान स्केलला १६० ने भागा, म्हणजे ०.४१, ०.२५ आणि ०.१३ मिमीच्या आसपास. बाजारात ‘एचओ’ किंवा ‘मीडियम’ म्हणून मिळणारा माल बऱ्याचदा एक मिमीच्या वर असतो. तो रुळांत पडला की प्रत्येक दगड नारळाएवढा दिसतो आणि शेजारचं इंजिन खेळणं वाटू लागतं. माप चुकवायचंच असेल तर बारीककडे चुकवा. दाणा थोडा बारीक असला तर डोळा माफ करतो, जाड असला तर नाही.

तेव्हा एचओसाठी ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेला आणि ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर अडकलेला माल घ्या. एनसाठी ३०० मधून पडलेला आणि १५० वर अडकलेला. माती-सिमेंट तपासणीचं सामान विकणाऱ्यांकडे या मापाच्या पितळी चाळण्या मिळतात, पण त्या महाग पडतात आणि तुमचं काम एकदाच आहे. स्वयंपाकघरातल्या चाळणीने भागतं, फक्त तिचं माप आधी काढून घ्या. जाळीवर पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते मोजा. बारा बसली तर एका घराची रुंदी १० भागिले १२, म्हणजे ०.८३ मिमी. त्यातून तारेची जाडी, समजा ०.२५, वजा केली की भोक ०.५८ मिमी. ही तुमची वरची चाळणी. खालची म्हणून चहाची बारीक स्टीलची गाळणी किंवा स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातलं नायलॉनचं कापड चालतं. ते कापड भरतकामाच्या गोल फ्रेममध्ये ताणून बसवायचं. घरातली रोजची चाळणी घेऊ नका. दगडाने जाळी ढिली होते आणि मग पिठात कच येते.

क्रश सँडमध्ये ० ते ४.७५ मिमीपर्यंतचं सगळं मिसळलेलं असतं. त्यातून आपल्या मापाचा माल साधारण पाचवा ते चौथा हिस्सा निघतो. आता तुम्हाला लागेल किती? कॉर्कच्या कडा तिरक्या कापलेल्या असतील तर एचओच्या एका मीटरला स्लीपरच्या मधल्या जागा, स्लीपरच्या टोकांबाहेरचे दोन्ही खांदे आणि उतार मिळून ८० ते ८५ मिली खडी जाते. सांडलवंड धरून १०० मिली, म्हणजे वजनात दीडशे ग्रॅमच्या आत. १४ मीटरला दीड लिटर, सुमारे दोन किलो. त्यासाठी दहा किलो कच्चा माल पुरतो, तेव्हा एक घमेलं आणलंत तर उरेल. सगळा एकाच ढिगातून आणा. दुसऱ्या ट्रकचा माल दुसऱ्या खाणीचा असू शकतो, आणि वाळल्यावर रुळांवर जिथे जोड येतो तिथे रंगाची रेघ उठते. एन स्केलला हेच प्रमाण मीटरला २५ ते ३० मिली धरा. कॉर्कच्या कडा उभ्या असतील तर उतार पूर्ण खडीनेच भरावा लागतो आणि खप दीडपटीवर जातो. अशा वेळी उताराखाली आधी पुठ्ठ्याची किंवा कॉर्कची तिरकी पट्टी चिकटवा.

चाळताना नाकाला मास्क हवाच आणि काम उघड्यावर करा. चाळून झाल्यावर बादलीत पाणी घालून ढवळा आणि गढूळ पाणी ओतून टाका. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, बहुतेक चार-पाच वेळा, हे करावं लागतं. न धुतलेल्या मालातली भुकटी फेव्हिकॉलच्या पाण्यात मिसळून वर येते आणि वाळल्यावर खडीवर सिमेंट सांडल्यासारखा राखाडी थर बसतो. धुतलेला माल थाळीत पसरून उन्हात पूर्ण वाळवा, कारण ओलसर खडी रुळांत सरकत नाही, गोळे होऊन बसते.

आता चुंबक. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. मोठ्या खडीत ते जाणवत नाही, पण अर्ध्या मिलिमीटरचा सुटा दाणा इंजिनाच्या मोटरकडे उडी मारू शकतो. गिअरबॉक्सचा तळ रुळाच्या माथ्यापासून जेमतेम एक-दोन मिमी वर असतो. दाणा आत गेला की वर्म गिअरच्या दातांत अडकतो, आधी खरखर येते, मग इंजिन करंट जास्त ओढायला लागतं. इंजिनात आवाज काढणारा डिकोडर, म्हणजे छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट, असेल तर स्पीकरलाही चुंबक असतो. तिथे दाणे चिकटले की शिट्टी फाटल्यासारखी वाजते. मोटर उघडी असलेल्या जुन्या इंजिनांना हा धोका सगळ्यात जास्त.

चाचणी सोपी आहे. पांढऱ्या कागदावर खडीचा एक दाणा जाडीचा थर पसरा. निओडायमियमचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खडीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंचीवरून हळूहळू फिरवा. जे दाणे उडून चिकटतील ते वेगळे काढा, पिशवीतून चुंबक काढून घेतला की ते आपोआप सुटतात. चुंबक अगदी टेकवला तर बेसाल्टचे बरेचसे दाणे हलतील, त्याने घाबरू नका. एक सेंटिमीटरवरून उडणारे दाणे तेवढे गोत्यात आणतात. अर्धी थाळी उडून आली तर मात्र तो माल बांधकामालाच परत द्या. खडी चिकटवून वाळल्यावर हाच चुंबक रुळांवरून पुन्हा एकदा फिरवायचा, कारण तेव्हा सुटे राहिलेले दाणे हाती लागतात. रुळांमध्ये डबे सोडवणारे चुंबकीय अनकपलर बसवले असतील तर त्यांच्या आसपास बेसाल्ट घालूच नका, तेवढी जागा दुसऱ्या मालाने भरा.

दुसरा माल म्हणजे कोणता? फिकट राखाडी ग्रॅनाइटचा चुरा चांगला. पण किचन ओट्याच्या दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जो दगड विकतात तो बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो आणि त्यातही लोहखनिज असतं. नावावर जाऊ नका, चुंबकावर जा. एन स्केलला माझी पहिली पसंती पांढऱ्या, जाडसर दाण्याच्या रांगोळीला आहे. दगडाचीच भुकटी, दाणा कोनेदार, चुंबकाला दाद देत नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मैद्यासारखी बारीक रांगोळी असते ती नको. हिलाही धुणं-चाळणं चुकत नाही. रंगीत रांगोळी घेऊ नका, तिचा रंग पहिल्याच फवाऱ्यात सुटतो. पांढरीच चिकटवा आणि वाळल्यावर पातळ ॲक्रिलिकने राखाडी करा.

समुद्राची वाळू का नको? तिचे दाणे लाटांनी घासून गोल झालेले असतात. गोल दाणे एकमेकांत अडकत नाहीत, खांदा ढासळतो आणि दिसायलाही ती खडी वाटत नाही, पुळणच वाटते. मिठाने रुळांवर हिरवट चढ येतो. शिवाय रत्नागिरीच्या बाजूच्या काळसर वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाचं दुखणं आणखी वाढलं. नदीची वाळू त्यातल्या त्यात बरी, पण तीही गोल आणि तपकिरी. एखाद्या जुन्या, मातीत रुतलेल्या सायडिंगला ती शोभते, मेन लाइनला नाही. मत्स्यालयाची वाळू मापानेच बाद. आणि रवा, वाळवलेली चहापूड, लाकडाचा भुसा हे प्रकार सुचवणारे लोक बहुधा कोरड्या हवेत राहतात. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, आणि रव्याला मुंग्या लागतात ते वेगळंच.

परदेशी पाकिटांत दोन जाती आहेत. एक खऱ्या दगडाची आणि दुसरी अक्रोडाच्या टरफलाच्या चुऱ्याची. वुडलँड सीनिक्सची खडी ही दुसऱ्या जातीची. ती हलकी असते, चुंबकाचा प्रश्न नसतो, रंग एकसारखा मिळतो. एचओलासुद्धा ‘फाइन’ घ्या, ‘मीडियम’ नको. तिची अडचण एकच: ती तरंगते. गोंदाचा थेंब जरा वरून पडला की खड्डा होतो आणि दाणे वाहून रुळाच्या बाजूला गोळा होतात. दगडाची खडी वजनाने जागच्या जागी बसते, म्हणून नवशिक्याला ती जास्त सोपी जाते. बेसाल्टची कटकट सोसायला मी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

रंगाचं आता. घाटातली नवी खडी निळसर राखाडी दिसते, पण काही महिन्यांत तिच्यावर ब्रेकच्या लोखंडी धुळीचा गंजकट तपकिरी चढ येतो. उतार १:३७ चा आहे. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या सतत ब्रेक लावूनच येतात, म्हणून उतरत्या लाइनची खडी चढत्या लाइनपेक्षा जास्त तांबूस ठेवा. चढत्या लाइनवर बँकर (गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन) आणि पुढचं इंजिन पकडीसाठी रुळांवर वाळू सोडतात, तिथे रुळालगत फिकट पिवळसर पट्टा शोभतो. दोन्ही लाइनना एकच रंग दिलात तर घाट घाटासारखा वाटत नाही. इंजिनं जिथे थांबतात तिथे, म्हणजे कर्जतच्या बँकर सायडिंगवर, रुळांच्या मधोमध काळा तेलकट डाग. हे सगळं खडी वाळल्यावर, पातळ ॲक्रिलिक किंवा कोरड्या रंगभुकटीने करायचं. मूळ खडी निवडताना ती खऱ्यापेक्षा एक छटा फिकटच घ्या. गोंदाने दगड गडद होतो तो पूर्ण वाळल्यावरही थोडा गडदच राहतो, आणि घरातल्या दिव्याखाली काळा रंग आणखी दाटतो. निव्वळ बेसाल्ट फार काळा वाटला तर दहात दोन भाग फिकट ग्रॅनाइट मिसळा. फळीच्या तुकड्यावर वाया गेलेला १० सेंमी रूळ ठोकून सगळी प्रक्रिया त्यावर आधी करून बघा आणि तो तुकडा लेआउटच्याच दिव्याखाली ठेवून निर्णय घ्या.

खडी ओतण्याआधी रुळांच्या बाजू गंजकट तपकिरी रंगवा, नंतर ते नीट जमत नाही. प्रत्येक तुकड्यावर इंजिन सावकाश चालवून बघा. जोड हलत असेल, रुळाला वीज देणारी एखादी फीडर वायर सुटली असेल, तर ती आत्ताच सापडली पाहिजे. खडीच्या रुंदीचं म्हणाल तर आपला काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३५ सेंमी खांदा. एचओमध्ये वरची रुंदी ४० मिमीच्या जवळ येते आणि उतार दीडास एक. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे या स्केलला १९.३ मिमी हवा. बाजारातला रूळ १६.५ मिमीचा आहे, स्लीपरही जरा आखूड. तरी खडीची रुंदी ४० मिमीच ठेवा. मार्ग भारदस्त दिसतो आणि गेजची उणीव बरीच झाकली जाते.

खडी चमच्याने रुळांच्या मधोमध बारीक धारेत सोडा, मऊ चपट्या ब्रशने दोन्हीकडे सारा. मग ब्रशच्या दांड्याने रुळावर हलकं टकटक करा म्हणजे स्लीपरवर बसलेले दाणे आपणहून खाली उतरतात. खडी स्लीपरच्या माथ्यापेक्षा केसभर खाली ठेवा. रुळाच्या आतल्या बाजूला, पोटावर, एकही दाणा राहता कामा नये. चाकाची कड तिथूनच जाते, आणि जुन्या युरोपीय डब्यांची कड खोल असते. एक इंच तुकड्याला दोन मिनिटं गेली तरी हरकत नाही. गोंद पडल्यावर दुरुस्ती नसते, खरवडणं असतं.

मग ओलावा. केमिस्टकडचं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याच्या बाटलीतून मारा. फवारा थेट खडीवर नाही, अर्ध्या हातावरून वर हवेत, म्हणजे धुकं खाली उतरतं आणि दाणे हलत नाहीत. रुळांचा वीजपुरवठा बंद, खिडक्या उघड्या, जवळपास उदबत्तीसुद्धा नको. खडी पूर्ण भिजली की लगेच गोंद: फेव्हिकॉल एमआर एक भाग, पाणी दोन भाग, दर १०० मिलीला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने, टोक खडीच्या अगदी जवळ धरून, आधी मधल्या जागांत आणि मग खांद्यांवर सोडा. दाण्यांमधून दुधाळ पाणी वर दिसलं की थांबा. एका मीटरला ३५ ते ४५ मिली लागतं. रुळाचे माथे ओल्या फडक्याने लगेच पुसा. कोरड्या दिवसांत २४ तास, पावसाळ्यात ४८ तास हात लावू नका. खरं तर जमत असेल तर हे काम जून-जुलैत काढूच नका. सर्दाळ हवेत गोंद आत ओला राहतो आणि प्लाय फुगला तर रुळांचे जोड उघडतात.

फेव्हिकॉल मरीन वापरू नका, ‘जास्त पक्कं होईल’ म्हणून कुणी सुचवलं तरी. साध्या फेव्हिकॉलचा मोठा गुण हा की कोमट पाण्याने तो परत मऊ होतो. सहा महिन्यांनी पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा) बदलायचा झाला तर रूळ शाबूत निघतो. मरीनमधून निघत नाही.

पॉइंटवर सगळा नियम उलटा: कमीत कमी खडी, कमीत कमी गोंद. हलणाऱ्या पात्यांखाली आणि ओढदांडीच्या (पाती हलवणाऱ्या दांडीच्या) दोन स्लीपरच्या मध्ये खडी घालूच नका, तिथे राखाडी रंग देऊन सोडा. ओढदांडीच्या भोकावर खालून कागदाची चकती लावा आणि दांडीला मशीनच्या तेलाचा बारीक थेंब द्या, म्हणजे गोंद धरत नाही. वाळत असताना दर अर्ध्या तासाने पॉइंट इकडून तिकडे हलवत राहा. चेक रेलच्या, म्हणजे मुख्य रुळालगतच्या जादा रुळाच्या, फटीत दाणा राहिला तर डबा तिथे हमखास उडी मारतो. टूथपिकने फट साफ करा आणि सगळ्यात हलका, मोकळा डबा हाताने ढकलून बघा. इंजिनाच्या वजनाखाली हा दोष लपतो.

वाळल्यावर व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना मोजा बांधून सुटी खडी ओढून घ्या. ती वाया जात नाही, पुढच्या तुकड्याला येते. पांढरट चकचकीत डाग दिसले तर गोंद दाट झाला होता. त्यावर मॅट वार्निशचा पातळ हात दिला की चमक मरते. वर कवच आणि खाली मोकळी खडी असेल तर आधीचा ओलावा कमी पडला होता. पुन्हा अल्कोहोल मारून गोंद द्या, या वेळी पाणी तीन भाग.

आणखी एक गोष्ट खडी पडल्यावरच कळते: आवाज. कॉर्क घातलाय म्हणून गाडी शांत चालेल ही अपेक्षा असते, पण खडीचा खांदा उतारावरून थेट प्लायपर्यंत घट्ट चिकटला की कंपन कॉर्कला वळसा घालून लाकडात उतरतं आणि आठ बाय चारचा प्लाय ढोलासारखा घुमतो. फेव्हिकॉल काचेसारखा कडक होतो, म्हणून हे होतं. उपाय आधीच करायचा असतो. उताराच्या तळाशी प्लायवर पातळ फोमची पट्टी चिकटवून खांदा तिच्यावर टेकवा, किंवा फेव्हिकॉलऐवजी पातळ केलेला रबर लॅटेक्स वापरा. तो लवचिक राहतो, फक्त थोडा पिवळसर दिसतो आणि सिरिंज चोंदवतो. खडी आधीच पडली असेल तर उताराच्या तळाची एक-दोन मिमीची रेघ कोमट पाण्याने भिजवून चाकूने मोकळी करा आणि ती फट कोरड्या गवताने किंवा मातीच्या रंगाच्या फोमच्या चुऱ्याने बुजवा. घाटात रुळाकडेला गवत वाढतंच, त्यामुळे ते वावगं दिसणार नाही.